हौद्यात घर, मागे जीप. पण पासिंगचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत गेल्या रविवारी एक छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. पिकअपच्या हौद्यावर बसवलेले छोटेखानी घर, त्याच पिकअपच्या मागे ट्रेलर आणि ट्रेलरवर चढवलेली चारचाकी ओढीची जीप, असा तो सगळा सरंजाम होता. रात्री हौद्यातल्या घरात झोपावे आणि सकाळी जीप उतरवून डोंगरवाटा धुंडाळाव्यात, या कल्पनेचे सोबतच्या मजकुरात भरभरून कौतुक केले होते. त्या छंदाबद्दल माझी तक्रार नाही. ज्या नाशिक शहरात महिंद्राची थार ही गाडी तयार होते आणि ज्या जिल्ह्यात इगतपुरीला खडकाळ वाटांवर गाडी चालवण्याचे शिक्षण देणारी अकादमी आहे, तेथे हा शौक रुजणारच. परंतु इतक्या मोठ्या मजकुरात ‘वजन’ हा शब्द एकदाही आला नाही, याचे मला आश्चर्य वाटले. म्हणून हे पत्र.

प्रथम शब्दाचा घोळ दूर करतो. आपल्याकडे ‘कॅम्पर’ म्हटले की निफाड-दिंडोरीकडच्या कोणत्याही बागायतदाराच्या डोळ्यांसमोर दुहेरी केबिनची बोलेरो उभी राहते. पुढे पाच माणसे आणि मागे औषधाचे ड्रम किंवा टोमॅटोचे क्रेट. मी ज्याविषयी लिहीत आहे तो कॅम्पर म्हणजे हौद्यात उचलून ठेवायची आणि काम झाले की चार जॅकवर उभी करून काढून घ्यायची खोली. तिच्यात पलंग, ओटा, पाण्याची टाकी, बॅटरी आणि क्वचित शौचकूपही असतो. अमेरिकेत ही वस्तू जुनी आहे. आपल्याकडे ती आता कुठे दिसू लागली असून, हौशी मंडळी ती स्थानिक कारागिरांकडून बांधून घेत आहेत.

मी स्वतः अठ्ठावीस वर्षे अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ट्रक आणि टेम्पोच्या बॉड्या बांधण्याचे काम केले आहे. असे असूनही माझ्या पुतण्याने हा खटाटोप केला तेव्हा मी त्याला वेळीच वजनकाटा दाखवला नाही, हे मला प्रथम कबूल केले पाहिजे. त्याने परगावच्या एका कारागिराकडून कॅम्पर बांधून घेतला. वजन साडेतीनशे किलो, असे त्याला तोंडी सांगण्यात आले होते. जुनी पेट्रोल जीप आणि ती वाहून नेण्यासाठी दोन आसांचा ट्रेलर त्याच्याकडे आधीपासून होता. डिसेंबरातल्या एका पहाटे आम्ही तिघे भंडारदऱ्याला जाण्यासाठी निघालो. वाडिवऱ्हे मागे पडल्यावर उताराला एक कंटेनर आम्हाला ओलांडून गेला आणि त्याच्या वाऱ्याच्या झोताने मागचा ट्रेलर डुलू लागला. पहिले हेलकावे मांजराच्या शेपटीसारखे हलके होते. पुढच्या काही क्षणांत मात्र ती शेपटीच पिकअपला डावी-उजवीकडे झुलवू लागली. पुतण्याने पाय पेडलवरून काढला, ब्रेक मारला नाही आणि सुकाणू सरळ धरून ठेवले, म्हणून आम्ही थांबू शकलो. त्या घडीला ब्रेक दाबला असता तर मागचा भार पुढच्या गाडीला आडवा घेऊन गेला असता.

गोंद्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ वजनकाटा आहे. तेथे आम्ही एकेका आसाचे वजन केले. आधी पिकअपची फक्त पुढची चाके काट्यावर घेतली, मग ट्रेलर जोडलेलाच, पण काट्याबाहेर ठेवून पूर्ण पिकअप घेतला आणि शेवटी ट्रेलर सोडवून पिकअप पुन्हा काट्यावर नेला. ट्रेलर जोडलेला असताना पिकअप ३,१२० किलो भरला. नोंदणीपत्रकातले पासिंग, म्हणजे भारासह मंजूर असलेले कमाल वजन, २,८५० किलो होते. पुढच्या आसावर १,०६० आणि मागच्या आसावर २,०६० किलो होते. जीपसह ट्रेलर १,८०० किलोंचा होता. सोडवल्यावर पिकअप अवघा ६० किलोंनी हलका झाला, याचा अर्थ ट्रेलरची दांडी हुकावर जेमतेम ६० किलो टेकत होती. त्या सकाळी कॅम्परमध्ये शंभर लिटर पाणी होते, म्हणजे नुसत्या पाण्याचे शंभर किलो. भरलेला सिलिंडर त्याच्या पत्र्यासकट तीस किलोंच्या घरात जातो. गाद्या, बॅटरी, भांडी आणि आम्ही तिघे वेगळेच. कारागिराने सांगितलेले साडेतीनशे किलो खरे मानले, तरी ते रिकाम्या खोक्याचे होते. मोठ्या परदेशी कंपन्यांच्या पत्रकांतही बहुधा कोरडे वजनच ठळक छापतात, त्यामुळे एकट्या आमच्या कारागिराला बोल लावण्यात अर्थ नाही.

हुकावर ६० किलो म्हणजे नेमके काय बिघडले, हे समजायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. बैलगाडी हाकलेली असली तरी पुरते. मागे जास्त भरलेली गाडी उलाळ होते, तिची धुरा वर उचलली जाते आणि बैलांच्या मानेवर जू ठरत नाही. म्हणून जाणता गाडीवान भार थोडा पुढे घेतो, इतका की जू मानेवर बसावे, पण बैल वाकू नयेत. ट्रेलरचेही तसेच आहे. त्याच्या एकूण वजनापैकी साधारण दहा ते पंधरा टक्के भार हुकावर टेकला पाहिजे, असा अमेरिकेत रूढ असलेला दंडक आहे. आमच्या बाबतीत तो १८० ते २७० किलो असायला हवा होता, आणि होता तीन टक्क्यांच्या आसपास. जीप ट्रेलरवर जरा जास्त मागे उभी केल्यामुळे ट्रेलर उलाळ झाला होता आणि असा ट्रेलर एका ठरावीक वेगानंतर डुलणार, हे ठरलेलेच असते.

यावर कोणीही सुचवील की जीप हातभर पुढे ढकला आणि प्रश्न मिटवा. मला खरे तर संपादकांच्या आणि वाचकांच्या नजरेस आणायची आहे ती हीच गोष्ट, की कॅम्पर आणि ट्रेलर एकत्र नेताना हा प्रश्न असा मिटत नाही. हुकावर २०० किलो आले, तर मागच्या आसावर केवळ २०० किलो वाढत नाहीत. कॅम्परचा मागचा भाग फाळक्याच्या बाहेर येतो, म्हणून हुकाची नळी लांबवावी लागते आणि हूक आसापासून दूर जातो. आमच्या गाडीत हे अंतर १.८ मीटर होते, तर पुढच्या आणि मागच्या आसांत सुमारे ३ मीटर. तरफेच्या साध्या हिशेबाने हुकावरचे २०० किलो पुढच्या आसावरून १२० किलो उचलतात आणि मागच्या आसावर ३२० किलो टाकतात. म्हणजे कॅम्परने आधीच दमलेल्या आसावर ट्रेलरही येऊन बसतो आणि ज्या पुढच्या चाकांनी वळायचे व ज्यांच्या ब्रेकवर गाडी थांबवण्याचा मोठा वाटा असतो, ती चाके हलकी होतात. दोन पाहुणे आणि पाट एकच, अशी ही स्थिती आहे. हुकावरचा भार कमी ठेवावा तर ट्रेलर डुलतो, वाढवावा तर मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, आणि टायर त्यांच्या मर्यादेपलीकडे जातात. शिवाय नळी जितकी लांब, तितकी हुकाची ओढण्याची क्षमता कमी होते, हे अनेक विक्रेते ग्राहकाला सांगत नाहीत.

अमेरिकेत हा प्रकार सुखाने चालतो, मग येथेच का अडावे, असे विचारणाऱ्यांनी तेथे या कामाला कोणती गाडी जुंपतात ते पाहावे. जड कॅम्पर आणि मागे ट्रेलर असा दुहेरी भार न्यायचा असेल, तर तेथील जाणकार फोर्ड एफ-३५० किंवा रॅम ३५०० या जातीचा, आठ फुटी हौद्याचा आणि मागच्या आसाला चार चाके असलेला पिकअप घेतात. लांब हौद्यामुळे कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या पुढे राहतो. आपल्याकडे खासगी वापरासाठी मिळणाऱ्या दुहेरी केबिनच्या पिकअपचा हौदा जेमतेम पाच फुटी असतो आणि पासिंग वजनातून गाडीचे रिकामे वजन व माणसे वजा केल्यावर उरते ते काही शे किलो. जाहिरातीत ओढण्याच्या क्षमतेचा मोठा आकडा छापलेला असला, तरी तो हौदा रिकामा असताना खरा असतो. हौद्यात घर ठेवले की तो आकडा त्याच प्रमाणात खाली येतो, कारण गाडी आणि ट्रेलर यांच्या एकत्रित वजनालाही निर्मात्याने मर्यादा घातलेली असते.

आता घाटाविषयी. नाशिकहून जुन्या महामार्गाने मुंबईकडे निघालेल्या प्रत्येकाला घाट उतरावा लागतो, आणि घाटाविषयी बोलल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. इगतपुरीपासून कसाऱ्यापर्यंत रस्ता सुमारे ३०० मीटर खाली येतो. पाच टनांची जोडगाडी इतकी उंची उतरते तेव्हा जी ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते, ती साधारण चार युनिट विजेइतकी भरते; तेवढ्यात चाळीस लिटर गार पाण्याला उकळी येईल. एवढी उष्णता पिकअपच्या चार ब्रेकांवर टाकली, तर लायनर तापून पकड सोडतात आणि पेडल मऊ लागू लागते. म्हणून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. युरोपात ७५० किलोंपेक्षा जड ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. आमच्या १,८०० किलोंच्या ट्रेलरला ते नव्हतेच, आणि मी मागच्या बाजूला उभा राहून त्याचे दिवे तपासले, पण ब्रेकविषयी विचारले नाही! थळ घाट चढताना रेल्वेसुद्धा अनेक गाड्यांना मागून बँकर इंजिने लावते, कारण तेथील चढ ३७ फुटांना एक फूट आहे. बँकर लागेपर्यंत कसाऱ्याच्या फलाटावर वडा खाल्लेल्या पिढीला हे सांगायला नको. आपल्यापैकी काहीजण मात्र डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून घाट उतरतात. मागे भार असताना हा प्रकार आत्मघातकी आहे. घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच्याही एक गिअर खाली उतरावा.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे घाटाची धास्ती बरीच कमी झाली. पण त्या रस्त्याने दुसरा मोह दिला आहे. मोटारींना तेथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. जर्मनीसारख्या देशात, जेथे महामार्गांच्या काही भागांवर मोटारीला वेगमर्यादाच नाही, तेथे मागे ट्रेलर असलेल्या मोटारीला सर्वसाधारणपणे ताशी ८० किलोमीटरचीच परवानगी आहे. कॅलिफोर्नियात ती ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर आहे. डुलण्याचा धोका वेगाबरोबर वाढतो, हे त्यामागचे साधे कारण.

कायद्याच्या बाबतीत लोक दोन टोकांना असतात; काहींना वाटते सगळे चालते, काहींना वाटते काहीच चालत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच ट्रेलरचा समावेश आहे. म्हणून शेडमध्ये वेल्डिंग करून बनवलेला, विनानोंदणी ट्रेलर रस्त्यावर आणणे गैर आहे. त्याला स्वतःचा क्रमांक हवा आणि विमाही. कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही की ती नोंदणीपत्रकातल्या मूळ तपशिलांशी जुळणार नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडक लावला आहे. हौद्यात ठेवून काढता येणारी खोली आणि चॅसीला कायमची बोल्ट मारलेली खोली यांत त्यामुळे फार अंतर पडते. कायम बसवलेल्या राहत्या वाहनांसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. पासिंगपेक्षा जास्त वजन भरल्यास कलम १९४ अन्वये वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंड आहे. त्याहून गैरसोयीची तरतूद अशी, की जादा भार उतरवल्याखेरीज गाडी पुढे जाऊ देत नाहीत. घाटाच्या तोंडाशी अर्धे घर कोठे उतरवणार?

ट्रेलरचा खर्च टाळण्यासाठी जीप स्वतःच्याच चाकांवर मागे ओढत न्यावी, अशी शक्कल काही मित्र सुचवतात. जीप रँग्लरसारख्या गाडीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटून देणारी पेटी) न्यूट्रलला टाकून चारही चाकांवर ओढण्याची रीत निर्मात्यानेच दिलेली आहे आणि २०२१ पासून ही गाडी आपल्या रांजणगावात जोडली जाते, हे खरे. पण प्रत्येक चारचाकी ओढीच्या गाडीत तसे चालत नाही. भलत्याच गाडीवर हा प्रयोग केल्यास तेल न पोहोचून गिअरबॉक्स जळतो. शिवाय आपल्या रस्त्यांच्या नियमांत गाडीने गाडी ओढणे ही बंद पडलेल्या वाहनाला गॅरेजपर्यंत नेण्यासाठी दिलेली सवलत आहे, सहलीची सोय नव्हे. १९८९ च्या विनियमांत तर दोन गाड्यांमधले अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नसावे, मागच्या गाडीच्या सुकाणूवर परवानाधारक असावा आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या पुढे जाऊ नये, असे घालून दिले होते. २०१७ मध्ये नवे विनियम आले, तरी त्यामागची कल्पना तीच राहिली.

हुकाबद्दल एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती काट्यावरही दिसत नाही. ट्रेलरच्या दांडीची वाटी हुकाच्या ज्या गोळ्यावर बसते, तो युरोपीय पद्धतीचा गोळा ५० मिलिमीटरचा असतो आणि अमेरिकन पद्धतीचा दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा. घरबसल्या मागवलेल्या सुट्या भागांत ही जोडी सर्रास चुकते. दोन इंची वाटी ५० मिलिमीटरच्या गोळ्यावर बसल्यासारखी वाटते, पण ती सैल राहते आणि खड्ड्यागणिक ठोके खाते. आमच्या जुन्या कारखान्यात अशी एक वाटी दुरुस्तीला आली होती. तिची आतली कड चावून काढल्यासारखी दिसत होती. दांडीखाली दोन साखळ्या फुलीसारख्या आडव्या अडकवाव्यात, म्हणजे हूक निसटला तरी दांडी रस्त्यात रुतणार नाही. शेतातल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला आपण पिन अडकवून मोकळे होतो, ती सवय महामार्गावर आणू नये.

मग या छंदाचे करायचे काय? ज्यांना दोन्ही हवेच आहेत, त्यांनी आधी काट्यावर जावे. पाणी, गॅस, माणसे आणि जोडलेला ट्रेलर यांसह, एकेक आस स्वतंत्र मोजून. आकडे बसत नसतील तर घर हलके करावे. पाण्याची टाकी मुक्कामाजवळ भरली तरी पुष्कळ किलो वाचतात. किंवा भूमिका उलट्या कराव्यात: जीपलाच पुढे जुंपून मागे ७५० किलोंच्या आतला छोटा झोपण्याचा ट्रेलर घ्यावा. त्यात मागच्या आसावर दोन पाहुणे येत नाहीत. माझे मत विचाराल तर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाचा हूक म्हणजे घरातला दुसरा परवानाधारक. पुतण्याची पत्नी उत्तम गाडी चालवते. भंडारदऱ्याची दुसरी सहल आम्ही पिकअप आणि जीप स्वतंत्र चालवत केली. दोन गाड्यांचे इंधन लागले हे खरे, पण ट्रेलरचा विमा, टायर आणि ब्रेक यांचा हिशेब मांडला तर वर्षातल्या चार-पाच सहलींसाठी तोटा झाला असे म्हणवत नाही.

राज्य शासनाने २०२१ मध्ये कारव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, ते स्वागतार्हच आहे. पण धोरण आले आणि त्याच्याबरोबर काटा आला नाही. नाशिक-मुंबई मार्गावरील एखाद्या सार्वजनिक वजनकाट्यावर खासगी गाड्यांना आसवार वजन करून छापील पावती मिळावी आणि तेथे तशी मराठी पाटी लागावी, एवढी माझी पहिली विनंती आहे. दुसरी अशी, की परिवहन खात्याने हौद्यात ठेवायचा कॅम्पर, त्याची बांधणी, हुकाची नळी आणि मागे ओढायचा ट्रेलर यांविषयी एक सोपे मराठी परिपत्रक काढावे आणि ते पेठ रोडवरील परिवहन कार्यालयाच्या फलकावर लावावे. आजवर मला भेटलेल्या एकाही कारागिराने ग्राहकाकडे नोंदणीपत्रक मागितलेले नाही. परिपत्रक असेल तर निदान मागण्याचा प्रघात पडेल. तिसरी विनंती पर्यटन महामंडळाला. गंगापूर धरणाजवळच्या ग्रेप पार्क रिसॉर्टसारख्या ठिकाणी जोडगाडीला मागे न घेता सरळ आत येऊन सरळ बाहेर पडता येईल अशा दोन-तीन जागा आखून ठेवाव्यात. ट्रेलरसह गाडी मागे घेताना सुकाणू उलट फिरवावे लागते, आणि नवख्या माणसाच्या हातून होणारे अर्धे नुकसान वाहनतळावरच होते.

आणि शेवटची विनंती आपल्या पुरवणीला. पुढच्या वेळी असे छायाचित्र छापाल तेव्हा त्याखाली त्या गाडीचे पासिंग आणि काट्यावरचे वजन, असे दोन आकडे आवर्जून द्यावेत. छायाचित्रातल्या पिकअपचे मागचे पाटे मी भिंगातून पाहिले. ते सपाट झालेले दिसत होते.

आपला,
एक नियमित वाचक,
इंदिरानगर, नाशिक